प्रवासात फोनच्या कॅमेऱ्याची परीक्षा: आधी काच पुसा, मग कॅमेऱ्याला नावं ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: नवा फोन घेतलाय, चार दिवसांची गाडीची सफर ठरली आहे, जुना फोनही बरोबर असणार आहे. फोन परत करायची मुदत संपायच्या आत त्याचा कॅमेरा खरंच चांगला आहे का, हे या सफरीत कसं ठरवायचं आणि नेमके कसले फोटो काढायचे?

जुना फोन बरोबर नेताय, म्हणजे निम्मं काम झालंच. कॅमेरा तपासायला निघालेले बहुतेक जण दिवसाला दोनशे फोटो काढतात, रात्री त्यातले दहा छान निवडतात आणि कॅमेरा झकास आहे म्हणून मोकळे होतात. त्या दहा फोटोंवरून कळतं ते एवढंच, की सकाळचं ऊन सुंदर होतं. उलटंही होतं. भर दुपारी, धावत्या गाडीतून, मळक्या काचेआडून काढलेला फोटो भुरकट आला की खापर कॅमेऱ्यावर फुटतं. मी बरीच वर्षं फोनचे कॅमेरे तपासतोय. प्रवासातल्या फसलेल्या फोटोंत कॅमेऱ्याचा स्वतःचा गुन्हा फार कमी वेळा निघतो. काच, वेग, हवा आणि बोटांचे डाग यांची चौकशी आधी करायची. हे चार संशयित सुटले, की मग कॅमेऱ्याला पिंजऱ्यात उभं करायचं.

निघण्यापूर्वी दोन्ही फोनच्या लेन्स स्वच्छ सुती कापडाने पुसा, आणि दर थांब्यावर पुन्हा पुसा. हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही. लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असेल तर दिवसा फोटो किंचित धुरकट दिसतो एवढंच. रात्री मात्र प्रत्येक दिव्यातून लांबच लांब रेघ निघते. लेन्सवर बाहेरून चिकटवलेली संरक्षक काच असेल तर तपासणीपुरती ती काढाच. एकदा एका फोनच्या रात्रीच्या फोटोंबद्दल मी अगदी कडक शब्दांत लिहिलं होतं: दिव्यांभोवती वलयं, काळा रंग राखाडी, वगैरे. आठवड्याभराने लक्षात आलं की तो फोन माझ्याकडे येण्याआधी कोणीतरी त्याच्या लेन्सवर एक स्वस्त काच चिकटवली होती, आणि इतकी नीट की मला ती दिसलीच नव्हती. नखाने उचकटली आणि वलयं गेली. लिहिलेलं मुकाट्याने मागे घ्यावं लागलं.

आता पद्धत. गाडी थांबवा, खाली उतरा, एकाच जागी उभे राहा आणि मिनिटाभरात दोन्ही फोनने त्याच दृश्याचे तीन-तीन फोटो काढा. तीन अशासाठी, की आजचा फोन ज्याला ‘एक फोटो’ म्हणतो तो बहुधा अनेक फ्रेम्स एकावर एक बसवून केलेला असतो. गूगलने 2013 मध्ये नेक्सस 5 वर ‘एचडीआर प्लस’ आणलं तेव्हापासून हा मार्ग रुळला: मुद्दाम कमी एक्स्पोजर (म्हणजे कमी उजेड) देऊन पटापट फ्रेम्स टिपायच्या, त्या जुळवून गोंगाट (फोटोतले नको असलेले दाणे) कमी करायचा आणि सावल्या उचलायच्या. जुळवाजुळव दर वेळी सारखी साधत नाही. तीनपैकी तिन्ही फोटो सारखे येणारा फोन मला तीनात एकच अप्रतिम देणाऱ्या फोनपेक्षा जास्त आवडतो, कारण प्रवासात बरेचदा दुसरी संधी मिळत नाही.

दोन्ही फोन कंपनीच्या मूळ सेटिंगवर, ऑटोवर ठेवा. फिल्टर, ब्यूटी, फ्लॅश बंद. एका फोनवर 12 मेगापिक्सेल आणि दुसऱ्यावर 50 अशी गल्लत नको. 50 मेगापिक्सेलच्या बऱ्याच सेन्सरमध्ये (लेन्समागे उजेड टिपणाऱ्या चिपमध्ये) शेजारच्या चार पिक्सेलवर एकाच रंगाची जाळी असते आणि ते चार मिळून एक धरले जातात, म्हणून नेहमीचा फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा येतो. 200 मेगापिक्सेलवाल्यांत सोळाचा एक होतो आणि उत्तर तेच, साडेबारा. पूर्ण मेगापिक्सेलचा मोड वेगळा तपासा, तोही लख्ख उन्हात. संध्याकाळी त्याचा उपयोग फक्त मेमरी भरायला होतो.

धावत्या गाडीतून काढलेले फोटो तपासणीत धरूच नका असं मी म्हणणार होतो, पण तसे फोटो तुम्ही काढणारच, आणि काढायला हवेतच. फक्त त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही ते पाहा. (आणि फोटो गाडी चालवणाऱ्याने काढायचे नाहीत. यावर चर्चा नाही.) गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला साधारण 16.7 मीटर. शटर 1/1000 सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात गाडी पावणेदोन सेंटिमीटर सरकते. मुख्य कॅमेरा 24 मिमीच्या तोडीचा (म्हणजे बऱ्यापैकी रुंद दृश्य घेणारा) आणि फोटो 4000 पिक्सेल रुंद धरला, तर 20 मीटरवरच्या खांबावर एक पिक्सेल म्हणजे जेमतेम सात मिलिमीटर. म्हणजे लख्ख उन्हातसुद्धा तो खांब दोनेक पिक्सेल फिसकटणार. ढगाळ हवेत शटर 1/100 वर आलं की वीस-बावीस पिक्सेल. त्याच फोटोतला दोन किलोमीटरवरचा डोंगर मात्र 1/100 लाही पाव पिक्सेलसुद्धा हलत नाही. त्यामुळे डोंगर रेखीव आणि रस्त्याकडेचं झुडूप पुसलेलं दिसलं तर तो भूमितीचा हिशोब आहे, फोनचा दोष नाही. उलट डोंगरही पुसट असेल, तर मग विचारपूस करायची.

खांब तिरके दिसतात तेही असंच. फोनचा सेन्सर सगळा एकदम वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचली जाते. वरची ओळ वाचल्यापासून खालची वाचेपर्यंत गाडी थोडी पुढे गेलेली असते, म्हणून फोन आडवा धरला की जवळचे खांब एका बाजूला कलतात. तोच फोन उभा धरा: आता खांब कलणार नाहीत, पण शेजारून जाणारी वाहनं आखूड किंवा लांबुळकी दिसतील. इथे तुलना कामाची आहे. ज्या फोनचा सेन्सर लवकर वाचून होतो, त्यात कल कमी दिसतो. एकाच सरळ रस्त्यावर, एकाच वेगात, दोन्ही फोनने अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या. फरक नुसत्या डोळ्यांनी कळेल.

पुढची काच ही तर स्वतंत्र लेन्सच समजा, आणि तीही वाईट प्रतीची. ती दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, तिरकी असते, बहुधा किंचित हिरवट असते, आणि डॅशबोर्डवर पडलेला नकाशा, पावती, चष्म्याची पेटी यांचं प्रतिबिंब आकाशावर इमानदारीने छापते. डॅशबोर्डवर काळं कापड अंथरलं की निम्मा त्रास जातो. बाजूच्या खिडकीतून काढायचं तर काच खाली करा. ती खाली करता येत नसेल तर फोन काचेच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. टेकवला की इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते. काचेवर पावसाचे थेंब असतील तर ऑटोफोकस थेंबांवरच बसणार, तेव्हा बोटाने दूरच्या जागी दाबून फोकस कुलूपबंद करा.

थरथरीचा विषय निघालाच आहे तर: हात हलला तरी फोटो स्थिर राहावा म्हणून बऱ्याच फोनमध्ये लेन्स किंवा सेन्सर चुंबकांच्या जोरावर तरंगता ठेवलेला असतो. जोरदार इंजिनाच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन बसवून ठेवला तर ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये स्वतःच दिला होता. चारचाकीत धोका बराच कमी, पण तरीही मी तपासणीचा फोन होल्डरमध्ये अडकवून दिवसभर हादरू देत नाही.

आता जिथे खरं कळतं ते थांबे. दाट झाडीची, गवताची जागा शोधा, शक्यतो सावलीतली. प्रयोगशाळेतही फोनला सगळ्यात जास्त घाम फोडणारा तक्ता वेगवेगळ्या आकाराच्या वर्तुळांच्या विस्कळीत गर्दीचा असतो. त्याला ‘डेड लीव्ह्ज’ म्हणजे वाळक्या पानांचा तक्ता असंच म्हणतात. कारण सोपं आहे. काळ्या-पांढऱ्या रेघा कोणताही फोन कडक करून दाखवतो. पानावर पान, हिरव्यावर हिरवं, ज्यात उजेडाचा फरक अगदी थोडा आहे, तिथे गोंगाट कोणता आणि तपशील कोणता हे फोनच्या प्रक्रियेला ठरवावं लागतं. चुकली की गवताची पाती वितळून एकमेकांत मिसळतात, आणि वर पुन्हा शार्पनिंग (कडा कृत्रिमपणे ठळक करणं) चढवलं की त्या चिखलाला पांढऱ्या कडा येतात. पडद्यावर अंगठ्याएवढा फोटो पाहताना हे अजिबात दिसत नाही. शंभर टक्क्यांवर मोठा करून फोटोचा मध्य नव्हे, कडेचा एक तृतीयांश भाग पाहा.

दुसरी जागा बोगद्याचं तोंड. आत काळोख, बाहेर ऊन. गाडी बाहेर सुरक्षित जागी लावून, रस्त्यापासून दूर उभं राहून फोटो घ्या. आतले दिवे आणि बाहेरचे ढग दोन्ही शाबूत आले का? आले असतील तर लगेच खूश होऊ नका. कडेकडेने, जिथे अंधार आणि उजेड भेटतात, तिथे फिकट वलय किंवा रंगाची किनार आहे का पाहा. काही फोन सावल्या इतक्या उपसतात की दुपार असूनही दृश्य सपाट, पडदा टांगल्यासारखं दिसतं. मला स्वतःला थोडा काळोख काळाच राहिलेला आवडतो. हा चवीचा भाग झाला. चवीचा भाग नसलेली गोष्ट म्हणजे व्हिडिओ: शेजारी बसून बोगद्यातून बाहेर पडताना चित्रण चालू ठेवा आणि पांढरं फटक झालेलं चित्र सावरायला किती वेळ लागतो ते मोजा. एक्स्पोजर सावकाश, गुळगुळीत सावरलं पाहिजे. पायऱ्या उतरल्यासारखं खाडखाड नव्हे.

चालत्या गाडीतल्या व्हिडिओत डॅशबोर्डचा तुकडा आला तर तो डुलताना दिसेल. फोनमधला जायरोस्कोप (फोनचं हलणं-फिरणं ओळखणारा भाग) गाडीचा हिसकाही हाताचाच धरतो आणि तेवढं चित्र उलट सरकवतो. बाहेरचा रस्ता स्थिर होतो, आणि गाडीबरोबर हलणारा डॅशबोर्ड नाचायला लागतो. यावरून फोनला कमी गुण देणारे मी पाहिले आहेत. फ्रेममध्ये एकतर सगळं बाहेरचं ठेवा, नाहीतर स्थिरीकरण बंद करून पाहा.

टेलिफोटोवर, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण जाहिरात इथेच सगळ्यात जास्त असते. पहिली गोष्ट, तो सकाळी तपासा. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. त्यात धूळ आणि बाष्प. दुपारी तीनला पाच पट झूमने काढलेला डोंगर कोणत्याही फोनवर भुरकटच येणार. दुसरी गोष्ट, ‘5x’ दाबलं म्हणजे पाच पटीची लेन्स चालू झालीच असं नाही. उजेड कमी असेल किंवा वस्तू फार जवळ असेल तर बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचं चित्र कापून, फुगवून दाखवतात. ओळखायची युक्ती: 5x वर असताना टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला नाही तर चित्र दुसरीकडून येतंय. काही फोन बोट ठेवल्यावर अंधार समजून स्वतःच लेन्स बदलतात, म्हणून फोटोच्या माहितीतही पाहा: तिथे खरी फोकल लेंग्थ (लेन्स किती लांबचं जवळ आणते ते सांगणारा आकडा) मिलिमीटरमध्ये असते आणि मुख्य लेन्सचा आकडा टेलिफोटोपेक्षा लहान असतो. संध्याकाळी आकडा मुख्य लेन्सचा आणि झूम पाच पट असं दिसलं, तर तुमची टेलिफोटो दिवसपाळीतली नोकर आहे असं समजा.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रस्त्याकडेची एखादी पाटी निवडा, जिच्यावर ठळक नाव आणि खाली बारीक मजकूर आहे. लांबून सगळ्यात मोठ्या झूमने दोन्ही फोनने टिपा. मग चालत पाटीपाशी जा आणि तिचा जवळून साधा फोटो घ्या. आता ताडून पाहा. प्रामाणिक फोन बारीक मजकूर धूसर ठेवेल. दुसरा अक्षरं कडक, काळीभोर देईल, पण काना भलत्याच ठिकाणी, अनुस्वाराचा ठिपका गायब आणि एखादं अक्षर असं की ते कोणत्याच लिपीत नाही. तो तपशील लेन्सने टिपलेला नाही, सॉफ्टवेअरने अंदाजाने रेखाटलेला आहे. 2023 मध्ये सॅमसंगच्या चंद्राच्या फोटोंवरून वाद झाला तो याच जातीचा: एका वापरकर्त्याने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवलं, दुरून फोनने टिपलं, आणि फोटोत मूळ चित्रात नसलेला तपशील उमटला. चंद्राचं चालून जाईल, तो सगळ्यांना एकच दिसतो. पाटीवरचं, किंवा दूर उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं असं रेखाटन मला चालत नाही.

रंगासाठी लांबलचक काही नको. एकाच जागेवरून अल्ट्रावाइड (सगळ्यात रुंद दृश्य घेणारी लेन्स), मुख्य आणि टेलिफोटो असे तीन फोटो लागोपाठ काढा. आकाशाची निळाई तिन्हींत सारखी आहे का? बऱ्याच फोनमध्ये अल्ट्रावाइड वेगळ्याच गावची असते. एक पांढरा कागद जवळ ठेवा, उन्हात आणि झाडाखाली दोन्हीकडे टिपा. सावलीत तो थोडा निळसर आला तर चालेल, जांभळट किंवा हिरवा आला तर नाही.

रात्रीच्या तपासणीआधी एक सावधगिरी. गाडीत एसी चालू, बाहेर दमट हवा. थंडगार फोन घेऊन तुम्ही उतरता आणि लेन्सवर दंव धरतं. फोटो स्वप्नातल्यासारखे धूसर येतात. पाच-दहा मिनिटं फोन बाहेरच्या हवेत राहू द्या, मग सुरुवात करा. सूर्य मावळल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात मोलाची: आकाशात निळा उजेड उरलेला असतो, दिवे लागलेले असतात. उजळलेल्या फलकावरची अक्षरं वाचता येतात का, आणि त्याच वेळी बाजूचा अंधारा रस्ता दिसतो का, हे पाहा. नाईट मोड हातात धरून एकदा आणि कठड्यावर टेकवून एकदा वापरा. फोन स्थिर आहे हे ओळखून बरेच फोन एक्स्पोजरचा वेळ वाढवतात आणि फरक मोठा पडतो. समोरून दिवे येत असतील तर फोटोत हिरवट ठिपके उमटतात. ते लेन्सच्या भिंगांमधल्या परावर्तनाचे असतात आणि बहुधा फोटोच्या मध्यापलीकडे, दिव्याच्या बरोबर समोरासमोर बसतात. थोडेफार सगळ्यांत असतात. प्रश्न किती आणि किती ठळक एवढाच. व्हिडिओत एलईडीचे दिवे लुकलुकले किंवा सिग्नल क्षणभर विझलेला दिसला तर फोनला दोष देऊ नका, ते दिवेच सेकंदाला कित्येकदा चालू-बंद होत असतात.

फोन उन्हात डॅशबोर्डवर, चार्जिंग चालू, नकाशा चालू, वर 4के चित्रण: या चौघांना एकत्र आणलंत तर फोन तापून पडदा मंद करील, कदाचित चित्रण थांबवेल. ही परीक्षा मुद्दाम एकदा घ्या, पण शेवटच्या दिवशी, आणि जुन्या फोनबरोबर शेजारी ठेवूनच. तापलेल्या फोनवर बाकीच्या तपासण्या करू नका.

निकाल रस्त्यात लावायचा नाही. नव्या फोनचा पडदा जुन्यापेक्षा उजळ असतो, त्यामुळे नव्याचे फोटो नव्यावर नेहमीच सरस वाटतात. त्यात 2023 च्या अँड्रॉइड 14 पासून ‘अल्ट्रा एचडीआर’ फोटो आले आहेत, ज्यात आकाश आणि दिवे पडद्यावर जादा उजळ करण्याची सूचना फोटोतच साठवलेली असते. दुसऱ्या पडद्यावर तोच फोटो साधा दिसतो. मूळ फाइल्स केबलने संगणकावर घ्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवल्या की त्या दाबल्या जातात आणि तुम्ही तुलना करता ती दाबलेल्या फोटोंची. फाइलची नावं बदलून अ आणि ब करा, आणि बरोबर आलेल्या कोणाला तरी विचारा. कोणता फोटो कोणत्या फोनचा हे ठाऊक असताना माझासुद्धा डोळा फितूर होतो.

शेवटचा थांबा परतीच्या मुदतीसाठी. वर सांगितलेलं बहुतेक सगळं त्या मॉडेलचा स्वभाव आहे. तोच फोन बदलून आणलात तर स्वभाव तोच येणार. बदलून घेण्याजोगा खरा दोष म्हणजे कलती बसलेली लेन्स. सकाळच्या स्वच्छ हवेत दूरच्या डोंगराची किंवा क्षितिजाची रेघ फ्रेमच्या मधोमध आडवी ठेवून एक फोटो घ्या, मग फोन उलटा करा, वरची बाजू खाली, आणि तोच फोटो पुन्हा घ्या. प्रत्येक लेन्सने. पहिल्या फोटोत रेघेचं डावं टोक मऊ आहे आणि दुसऱ्यातही डावंच, तर तिकडे धुकं आहे. दुसऱ्यात मऊपणा उजव्या टोकाला गेला, तर तो फोनबरोबर फिरतोय, म्हणजे लेन्स वाकडी बसली आहे. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. तसंच आलं तर दोन्ही फोटो जपून ठेवा आणि फोन बदलून मागा.